सर्व्हिसिंगनंतर चेन कर्रकर्र करून राहिली, घरी अ‍ॅडजस्ट करायची तर नेमकी किती ढिली ठेवायची?

बेसा_बुटीबोरी:
नमस्कार मंडळी. माझी दीडशे सीसीची गाडी आहे, मागे ड्रम ब्रेक, चेन उघडी, वरून फक्त अर्धं कव्हर. रोज बेसा ते बुटीबोरी एमआयडीसी जाणं-येणं, त्यामुळे रनिंग भरपूर. चेन थोडी खडखडत होती म्हणून मागच्या सर्व्हिसिंगला तेवढं सांगितलं, तर त्यांनी टाइट करून दिली आणि तेव्हापासून तीस-चाळीसच्या स्पीडला खालून कर्र कर्र आवाज येऊन राहिला, सलग नाही, थोडा येते मग जाते, परत येते. डबल सीट बसवलं की जास्त. परत घेऊन गेलो तर म्हणे नवीन टाइट केली की आवाज येतेच, काही दिवसांनी बसून जाईल. मला हे पटलं नाही. सेंटर स्टँडवर लावून चाक फिरवून पाहिलं तर एका जागी चेन अगदी तारेसारखी ताणलेली आणि तेच चाक अजून फिरवलं की तीच चेन लोंबते. आता मला हे घरीच शिकून घ्यायचं आहे, पाने आहेत, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळायचा पाना) नाही. किती ढिली ठेवायची, दोन्ही बाजू सारख्या कशा करायच्या, आणि साफ कशाने करायची? पार्ट्सवाला म्हणाला ओ-रिंगवाली चेन आहे, पेट्रोल लावू नको. एक जण म्हणते जळकं ऑइल टाक, एक म्हणते ग्रीस लाव. नीट समजावून सांगा कोणी.

हिंगणा_टूलरूम:
भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी ती चेन ढिली कर. आणि 'बसून जाईल' हे अजिबात ऐकू नको. ढिली चेन खडखड करते, स्विंगआर्मवरचं (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरचं) रबर घासते, फारच ढिली असेल तर उतरते, म्हणजे ती आपल्याला सांगते तरी. टाइट चेन गुपचूप पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या) शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील खाते, मागच्या चाकाचं बेअरिंग खाते, आणि ते काम निघालं की इंजिन उघडायची पाळी येते.

आता असं का होते ते पाहा, कारण हे एकदा कळलं की आकडा पाठ करायची गरज राहत नाही. पुढचं स्प्रॉकेट आणि स्विंगआर्म ज्या बोल्टावर हलते तो बोल्ट, हे दोन्ही एका जागी नसतात, स्प्रॉकेट थोडं पुढे असते. त्यामुळे चाक वर-खाली झालं की पुढचं स्प्रॉकेट ते मागचा एक्सल (चाकाच्या मधला दांडा) हे अंतर बदलत राहते. स्प्रॉकेट, तो बोल्ट आणि एक्सल, हे तिन्ही एका रेषेत आले की अंतर सगळ्यात जास्त आणि चेन सगळ्यात टाइट. सेंटर स्टँडवर चाक खाली लोंबते तेव्हा जी चेन ठीक वाटते तीच डबल सीट बसल्यावर, वरून खड्डा आल्यावर, ताणल्या जाते. तुझा आवाज डबल सीटला वाढतो तो यानेच. चेन ढिली ठेवतात ती या वेळेसाठी जागा राहावी म्हणून.

किती ठेवायची, तर गाडीच्या पुस्तकात किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर आकडा असते, तोच धर. रोजच्या वापराच्या गाड्यांना साधारण २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिमी असा असते, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना याहून जास्त, म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नको. गाडी सेंटर स्टँडवर ठेवून मोजायची की साइड स्टँडवर, हेही पुस्तकात लिहिलेलं असते, ते पण पाहून घे. मोजायचं कसं, तर खालच्या बाजूची चेन, दोन्ही स्प्रॉकेटच्या बरोबर मधोमध, स्टीलची पट्टी उभी धरायची, बोटाने चेन खाली दाबून एक वाचन, वर उचलून दुसरं, दोघांतला फरक म्हणजे स्लॅक. नुसती खाली दाबून किंवा नुसती वर उचलून नाही, वर-खाली मिळून एकूण.

आणि तुझ्या केसमध्ये खरी गोष्ट ही आहे, की मोजायचं ते सगळ्यात टाइट जागेवर. चाक हाताने हळूहळू फिरव, तीन-चार ठिकाणी मोज, जिथे सगळ्यात कमी भरेल तिथे खडूने खूण कर आणि तिथेच सेटिंग कर. तुझ्या मेकॅनिकने बहुतेक चेन लोंबत होती त्या जागी थांबवून टाइट केली, तिथे बरोबर झाली आणि टाइट जागेवर काहीच शिल्लक राहिलं नाही.

अजून एक पाहून घे. ही टाइट जागा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येते का? तशी येत असेल तर मागचं स्प्रॉकेट किंवा त्याचं बसणं वाकडं आहे. पण समज चेन ११६ कड्यांची आणि मागचं स्प्रॉकेट ४२ दातांचं असेल तर चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला चाकाचे पावणेतीन फेरे लागतात. टाइट जागा इतक्या अंतराने येत असेल तर दोष चेनमध्येच आहे. एका कडीला आणि टायरला खडू लावून मोजलं की दोन मिनिटांत समजते.

बेसा_बुटीबोरी:
वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी खडू लावून पाहतो. पण ढिली करताना एक्सल नट खोलून अ‍ॅडजस्टर उलटा फिरवला की चाक आपोआप पुढे येते का?

हिंगणा_टूलरूम:
नाही येत, आणि तिथेच बरेच जण फसतात. अ‍ॅडजस्टर फक्त मागे ओढते, पुढे ढकलत नाही. क्रम असा ठेव. आधी स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडलेली तार) असेल तर काढ, एक्सल नट ढिला कर, पूर्ण काढू नको. ड्रम ब्रेक आहे तर ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी असते तिचा नटही ढिला कर, नाहीतर चाक जागचं हलणार नाही. मग दोन्ही बाजूंचे लॉक नट सोडून अ‍ॅडजस्टरचे नट दोन-तीन फेरे मागे घे आणि टायरला मागून हाताने, नाही ऐकलं तर पायाने पुढे ढकल. चेन चांगली लोंबायला पाहिजे. आता तिथून दोन्ही बाजू पाव-पाव फेरा देत देत परत आकड्यावर यायचं. नेहमी ढिल्याकडून टाइटकडे यायचं म्हणजे मध्ये कुठे फट राहत नाही.

दोन्ही बाजू सारख्या करायला स्विंगआर्मवर रेघा असतात, त्या पाहायच्या पण त्यांच्यावरच विसंबायचं नाही, त्या दोन्ही बाजूंना नेहमी तंतोतंत जुळत नाहीत. स्विंगआर्मच्या बोल्टाच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजलं तर खात्री होते. मग मागच्या स्प्रॉकेटच्या मागे बसून एक डोळा मिटून चेनच्या वरच्या बाजूने सरळ पुढे पाहा. चेन सरळ रेषेत पुढे गेली पाहिजे, स्प्रॉकेटजवळ कुठे मुरडलेली दिसली नाही पाहिजे. चाक तिरपं असेल तर स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चमकते, तेही पाहून घे.

शेवटी एक्सल नट आवळायच्या आधी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये कापडाची जाड घडी दे आणि चाक हाताने थोडं फिरव, घडी तिथे दबते आणि चाक पुढे ओढल्या जाऊन दोन्ही अ‍ॅडजस्टरवर टेकते. बोटं मात्र लांब. तसंच ठेवून नट आवळ, घडी काढ आणि परत मोज. आवळल्यावर स्लॅक बऱ्याचदा थोडा बदलते, एकदाच मोजून उठू नको. टॉर्क रेंच नसेल तर चांगल्या लांबीचा रिंग पाना घे आणि हाताने पक्का आवळ. पान्यावर पाइप चढवून लटकू नको, आटे जातात. जमलं तर पुढच्या वेळी एखाद्या ओळखीच्या गॅरेजमध्ये टॉर्क रेंचने तपासून घे.

कोराडी_लाइन:
साफसफाईचं मी सांगतो, आम्ही रोज कोराडी रोडने जाणारे, तिकडे वीज केंद्राच्या राखेचे ट्रक चालतात, चेनची काय हालत होते ते आम्हाले विचारा. ती राख एवढी बारीक असते की ग्रीस लावलेल्या चेनवर बसली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करते, स्प्रॉकेटचे दात पॉलिश होऊन जातात. म्हणून ग्रीस नाहीच लावायचं. वरून लावलेलं ग्रीस आत पिनेपर्यंत जातही नाही, बाहेरच बसून धूळ पकडते.

ओ-रिंग चेन आहे ना, तर समजून घे, पिन आणि बुशच्या (पिनेभोवतीच्या बारक्या नळीच्या) मधलं ग्रीस कंपनीतच भरून ते बारके रबराचे रिंग लावून बंद केलेलं असते. आपण बाहेरून जे टाकतो ते दोन कामासाठी, एक रोलर आणि स्प्रॉकेटच्या मध्ये, आणि दुसरं ते रिंग वाळून चिरू नये म्हणून. रिंग गेले की आतलं ग्रीस गेलं, आणि मग चेन काही दिवसाची पाहुणी. म्हणून पेट्रोल नाही, तारेचा ब्रश नाही, प्रेशर वॉशरचा फवारा जवळून चेनवर नाही. वॉशिंगवाले तेच करतात, त्यांना सांगून ठेवायचं. रॉकेल भेटलं तर उत्तम, नाही भेटत आजकाल, तर चेन क्लीनरचा स्प्रे किंवा मग डिझेल, जुना टूथब्रश, खाली पुठ्ठा टाकून. टायरवर उडू देऊ नको. घासून झालं की कोरड्या कापडाने पुसायचं आणि थोडा वेळ वाळू द्यायचं.

ल्यूब मारायची तर गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असते तेव्हा. खालच्या बाजूच्या चेनला आतून, म्हणजे जी बाजू दातांवर बसते तिकडून, चाक हाताने उलटं फिरवत फिरवत दोन्ही कडच्या पट्ट्यांच्या फटीत. बाहेरून मारलेली ल्यूब चाक फिरलं की उडून रिमवर जाते, आतून मारलेली फिरण्याने बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणजे आपल्याला पाहिजे तिथून जाते. मग अर्धा तास तरी थांबायचं, रात्री मारून सकाळी निघालं तर सगळ्यात चांगलं, आणि निघायच्या आधी वरचं जास्तीचं पुसून टाकायचं. स्प्रे महाग वाटत असेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल, ओ-रिंगले चालते, स्वस्त पडते, फक्त थोडं उडते. मे महिन्यात ४५ डिग्रीत ते अजून पातळ होते म्हणून उन्हाळ्यात कमी टाकायचं आणि लवकर लवकर टाकायचं. एरवी साधारण ५०० किमीला एकदा. पावसाळ्यात किलोमीटर मोजत बसू नको, चेन भिजली की घरी येऊन पुसली आणि हलका हात मारला, बस. बेसाकडचे ले-आउटचे रस्ते पावसात काळ्या मातीने भरतात ना, ती माती पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये जाऊन गच्च बसते. ते कव्हर अधूनमधून खोलून खरवडत जा.

उमरेड_फाटा:
जळक्या ऑइलबद्दल एवढं वाईट काऊन बोलता? आमच्याकडे सगळे शेतकरी तेच टाकतात, गाड्या चालूनच राहिल्या ना. फुकटात भेटते, गंज लागत नाही.

कोराडी_लाइन:
गंज लागत नाही हे खरं आहे भाऊ, कोरड्या चेनपेक्षा तेही बरं. पण त्या ऑइलमध्ये इंजिनची झीज, बारीक धातू, काजळी सगळं असते आणि ते पातळ असल्याने टिकत नाही, लवकर उडते. ज्या गाड्यांना पूर्ण चेन कव्हर आहे तिथे धूळ आत कमी जाते म्हणून तुमच्याकडे ते खपून जाते. याची चेन उघडी आहे आणि रोज हायवेवर ट्रकमागे आहे. ९० नंबरचं एक लिटर घेतलं तर कितीतरी महिने पुरते, त्यात काय वाचवायचं.

जुना_मिस्त्री_महाल:
पोरं चांगलं सांगून राहिले. माझ्याकडून दोन-तीन गोष्टी, या कोणी लिहिल्या नाहीत म्हणून.

पहिली, आणि ही डोक्यात पक्की बसवा. गाडी सेंटर स्टँडवर लावून, इंजिन सुरू करून, पहिला गिअर टाकून फिरत्या चेनला कापड लावायचं नाही. कधीच नाही. काम लवकर होते म्हणून करतात लोक, गॅरेजमधले पोट्टेही करतात. कापडाचा एक धागा दातात अडकला की कापडासोबत बोट जाते, हात मागे घ्यायला वेळच भेटत नाही. बोटं तुटलेली मी माझ्या डोळ्याने पाहिली आहेत. चाबी काढून खिशात, गाडी न्यूट्रल, चाक हाताने. लहान लेकरं आजूबाजूला असतील तर आधी त्यांना घरात पाठवा, त्यांना फिरणाऱ्या चाकाला हात लावायची भारी हौस असते.

दुसरी, ड्रम ब्रेक. बेटा, आता तुझं चाक पुढे जाईल तर ब्रेक ढिला होईल, पॅडल जास्त खाली जाईल. पुढे कधी चेन टाइट करशील, चाक मागे जाईल, तेव्हा ब्रेक टाइट होऊन लायनर घासत राहील आणि ड्रम गरम होईल. म्हणून चेनला हात लावला की ब्रेक रॉडचा नट परत सेट करायचाच. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, पॅडलचा थोडा फ्री प्ले राहिला पाहिजे, आणि मागची ब्रेक लाइट वेळेवर लागते का तेही पाहायचं. आणि ती ब्रेक प्लेटची पट्टी, तिचा नट आवळायचा विसरला तर ब्रेक मारल्यावर प्लेट चाकासोबत फिरून जाईल. गाडी स्टँडवरून खाली घ्यायच्या आधी तो नट दोनदा पाहा.

तिसरी, हब रबर, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यात बसवलेले, धक्का झेलणारे रबर. चेन बरोबर केल्यावरही गिअर टाकताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना धक्का येत असेल तर लोक परत चेन टाइट करत बसतात. चाक घट्ट धरून मागचं स्प्रॉकेट पुढे-मागे हलवून पाहा. थोडं दबून हलते ते ठीक, पण सैल खडखडत असेल तर आतले रबर गेले. ते बदलायला फार खर्च नाही, आणि चेनचं आयुष्य त्याने खूप वाढते.

ज्यांच्याकडे स्प्लेंडरसारख्या छोट्या गाड्या आहेत त्यांनी ध्यानात ठेवा, चेनच्या बाजूला एक्सल नटाच्या आत अजून एक मोठा नट असते, स्लीव्ह नट. तो ढिला केल्याशिवाय स्प्रॉकेटची बाजू सरकत नाही आणि मग लोक अ‍ॅडजस्टरवर जोर लावून त्याचे आटे खराब करतात. आणि पूर्ण कव्हर असलं तरी त्यावर रबराचं छोटं झाकण असते, ते काढलं की चेन दिसते, मोजायला पूर्ण कव्हर खोलायची गरज नाही.

बेसा_बुटीबोरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. खडू लावून पाहिलं, टाइट जागा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येत नाही, पावणेतीनच्या आसपासच येते. सगळ्यात टाइट जागी फक्त ८ मिमी भरलं आणि ढिल्या जागी ३०. पुस्तकात २५ ते ३५ लिहिलं आहे. कापडाची घडी देऊन टाइट जागेवर २५ केलं, ब्रेक परत सेट केला, तर कर्र आवाज पूर्ण बंद, पण आता ढिल्या जागी ४५ च्या वर जाते आणि तिथे खडखड येते. साफ करून ल्यूब मारूनही दोन कड्या अशा आहेत की वाकवल्या तर सरळ होत नाहीत. आता काय, मधला काही आकडा धरू का?

हिंगणा_टूलरूम:
मधला आकडा धरू नको. टाइट जागेवर कमीत कमी स्लॅक ठेवून ढिली जागा पुस्तकातल्या जास्तीत जास्तच्या बाहेर जात असेल तर चेन संपली, यात अ‍ॅडजस्ट करण्यासारखं काही उरलं नाही. आहे तशी, म्हणजे टाइट जागेवर २५ ठेवून, हळू चालवत पार्ट्सच्या दुकानापर्यंत जा.

खात्री करायची असेल तर अजून एक मोजमाप आहे. तुझी चेन ४२८ नंबरची असेल, कडीच्या बाजूच्या पट्टीवर छापलेलं असते. ४२८ मध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचं अंतर १२.७ मिमी, अर्धा इंच. चेन ताणून धरून २१ पिना मोज, म्हणजे २० कड्या, पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत नवीन चेन २५४ मिमी भरते. २ टक्के म्हणजे २५९ च्या वर गेली की बदलायची. लोखंडी पट्ट्या काही ताणत नाहीत, आत पिन आणि बुश घासून प्रत्येक कडीत केसाएवढी फट वाढते आणि शंभरच्या वर कड्यांची मिळून चेन लांब होते. तुझ्यासारख्या केसमध्ये काही कड्यांचे रिंग गेले, पाणी शिरलं, त्या गंजून अडकल्या किंवा जास्त घासल्या, बाकीच्या चांगल्या राहिल्या, म्हणून एका जागी टाइट आणि एका जागी ढिली. दोन-तीन ठिकाणी मोजशील तर वेगवेगळं भरेल.

बेसा_बुटीबोरी:
मोजलं. एका जागी २५५, दुसऱ्या जागी २६० ला टेकलं. म्हणजे बदलायचीच. फक्त चेन घेऊ की स्प्रॉकेट पण? मागच्या स्प्रॉकेटचे दात मला तरी चांगले वाटून राहिले. आणि चेन जोडायची क्लिप घरी बसवता येते का?

जुना_मिस्त्री_महाल:
तिन्ही एकत्र, चेन, पुढचं आणि मागचं. जुन्या लांब झालेल्या चेनने दातांच्या खाचा तिच्या मापाच्या करून ठेवल्या असतात, नवीन चेन त्यात नीट बसत नाही आणि लवकर खराब होते. मागचे दात चांगले दिसतात कारण ते जास्त आहेत, पुढचं स्प्रॉकेट लहान, तेच आधी जाते. कव्हर खोलून पाहा, दात एका बाजूला वाकलेले दिसतील.

क्लिप घरी बसते, नोजच्या पक्कडने. ओ-रिंग चेनच्या जोडकडीसोबत चार बारके रिंग आणि ग्रीसची पुडी येते, दोन रिंग आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या पट्टीच्या आत, ग्रीस लावून. एखादा रिंग विसरला तर ती एकच कडी आधी जाते. क्लिप अशी लावायची की तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूच्या चेनवर पाहिलं तर बंद तोंड पुढे, फाटलेलं तोंड मागे. उलटी लागली तर दगड-काडी लागून सरकू शकते. बसवल्यावर क्लिप पिनेच्या खाचेत पूर्ण गेली की नाही ते नखाने चाचपून पाहा. चेनसोबत स्प्लिट पिनही नवीन घे, जुनी वाकवून सरळ करून परत घालायची नाही.

कोराडी_लाइन:
आणि नवीन चेनवर जे चिकट लागून येते ना, ते रॉकेलने धुऊन काढू नको, ते कंपनीचंच संरक्षण आहे, फक्त वरून पुसून घे. नवीन चेन सुरुवातीला थोडी सैल होते, म्हणून पहिल्या ३००-५०० किमीत एकदा खडू आणि पट्टी घेऊन बसायचं, टाइट जागा शोधून, तिथेच मोजायचं.